लागली की लावली

भोयर साहेब गेले हे मला पाचव्या दिवशी कळलं, तेही बर्डीच्या बाजारात भाजी घेताना. आमच्या आगीच्या बंबावरचे जुने ड्रायव्हर शेखभाई समोरून सायकलवर आले, मला पाहून उतरले आणि म्हणाले, “बाई, साहब की मय्यत में आप नहीं दिखे?” मी विचारलं, कोणते साहेब? ते म्हणाले, “अपने भोयर साहब. आपको किसी ने नहीं बताया?” नव्हतंच सांगितलं. कोणालाच सांगितलं नव्हतं. ‘हापिसातल्या लोकायले तरास देऊ नोका’ असं साहेबांनी घरी बजावून ठेवलं होतं म्हणे. शेखभाई त्याच गल्लीत राहतात, म्हणून त्यांना कळलं. अठरा वर्षं मी त्या माणसाचा शब्द न् शब्द टाईप केला आणि त्याच्या मरणाची बातमी मेथीची जुडी हातात धरून ऐकली. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही. राग आला. त्याला आता दीड महिना होईल. राग उतरत नाही, म्हणून लिहायला बसले.

नामदेवराव भोयर आमच्या अग्निशमन खात्यात आगीचं कारण शोधायचे. बंब आग विझवून परत आला, की यांचं काम सुरू. जळक्या घरात उकिडवे बसायचे, राख चिमटीत घ्यायचे, भिंतीवरचे काळे डाग बोटांनी मोजायचे आणि वाकून वाकून वास घ्यायचे. मूळचे भिवापूरकडचे, घरी मिरचीची शेती. “ज्यानं लहानपणी मिरचीच्या खळ्यावर काम केलं त्याचं नाक मरते तरी, नाई तर लई तेज होते,” असं म्हणायचे. त्यांचं तेज झालं होतं आणि त्याचा जाच मला होत होता. माझा डबा उघडला की पलीकडच्या खोलीतून आवाज यायचा, “बाई, आज फोडणी करपली.” करपलेली असायचीच. माझ्या टेबलाचा खालचा खण त्यांनी कधी ताब्यात घेतला ते मला कळलंसुद्धा नाही. त्यात जळक्या लाकडाचे तुकडे, वितळलेली बटणं, अर्धवट जळालेल्या वायरी, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. नवीन कार्बन पेपर काढायला जावं तर हाताला काजळी. मी ओरडायची. ते म्हणायचे, “असू द्या जी, ते बोलून राहिलेत.” कोण बोलतंय, तर कोळसे!

पण खरा छळ होता तो अहवालांचा. मराठीत ‘आग लागली’ आणि ‘आग लावली’ यांत एका अक्षराचा फरक. साहेब माझा टाईप केलेला कागद घ्यायचे, बोट ठेवत ठेवत ओळ न् ओळ वाचायचे आणि तेवढ्या एका शब्दापाशी थांबायचे. बरोबर असला तरी थांबायचे. पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. मग कुठे तरी ‘बहुधा’ घालायचा असायचा, कुठे काढायचा असायचा, आणि तीन कार्बनांसकट सगळं पान नव्यानं. “बाई, ‘ग’चा ‘व’ झाला तर एखादा माणूस जेलात जाते. अन् ‘व’चा ‘ग’ झाला तर एखादा सुटते.” हे मी किती वेळा ऐकलं असेल! एका उन्हाळ्यात, बाहेर नागपूरचं ऊन, आत पंखा बंद, एकच अहवाल पाचव्यांदा परत आला तेव्हा माझा तोल गेला. मी कागद त्यांच्या समोर आपटला आणि म्हणाले, “साहेब, मला टाईप करता येतं. विश्वास नसेल तर दुसरी बाई बघा. रोज रोज बोट ठेवून वाचता, माझा अपमान होतो.” त्यांनी पेन काढलं आणि न वाचता सही केली. “तुमचं बरोबर हाये,” एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी माझा एकही कागद वाचला नाही. मी सांगितलं म्हणून! असा हा माणूस. एखादी गोष्ट मध्यम करणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

आणि मग ती मुलगी जळाली.

तिचं नाव लिहीत नाही. तिची आई असेल अजून. इतवारीत भांड्यांचा व्यापार करणारं घर, लग्नाला जेमतेम वर्ष झालेली सून. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असं सासरच्यांनी सांगितलं. त्या वर्षांत हे वाक्य इतक्या वेळा ऐकू यायचं, की पेपरवालेही तयार ठेवत असतील. घरातल्या बायका परक्या पुरुषांशी बोलत नाहीत म्हणून साहेबांनी टिपणं घ्यायला मला जीपमध्ये बसवून नेलं. सासू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. “पंप मारता मारता फुटला जी, आमी पोहोचतवर सारं झालं होतं.” साहेब जमिनीवर उकिडवे बसले. स्टोव्हखालची फरशी लख्ख होती. काळं पडलं होतं ते चार पावलं दूर, दाराच्या आडच्या भिंतीवर, माझ्या खांद्याएवढ्या उंचीपासून खाली. तिथे त्यांनी नाक नेलं आणि कितीतरी वेळ तसेच राहिले.

मग पोलिसांना विचारून, दोन पंच समोर उभे करून, त्यांनी तोच पितळी स्टोव्ह अंगणात आणवला. टाकीला पोचा नाही, वॉशर जागच्या जागी, झाकण घट्ट. आतलं रॉकेल अर्ध्याच्या वर. काकडा पेटवला, चार पंप मारले. स्टोव्ह सूं करून पेटला. निळी, गोल, देखणी ज्योत. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “लिवा बाई. हा फुटलेला स्टोव हाये.” अंगणाच्या कोपऱ्यात त्या मुलीची आई बसली होती, उमरेडकडच्या खेड्यातून आलेली. ती त्या ज्योतीकडे बघत होती. मी ते सगळं लिहून घेतलं. माझ्या हातानं.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल टाईप करत असताना तेव्हाचे आमचे वरिष्ठ माझ्या टेबलाशी आले. त्यांचंही नाव लिहीत नाही, तेही आता नाहीत. म्हणाले, “पाठकबाई, आपलं काम आग विझवायचं. स्टोव्ह फुटला की नाही हे पोलीस बघतील. तो शेवटचा परिच्छेद गाळा. भोयरांशी माझं बोलणं झालंय.” माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती आणि तो कागद त्यांच्याच टेबलावर होता. यजमान आजारी होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही, होतं तसं सांगते. भोयर साहेब शेजारच्या खोलीत बसले होते. दहा पावलं. बोलणं झालंय का, एवढं विचारून यायला दहा पावलं चालावी लागली असती. मी चालले नाही. मला मनातून ठाऊक होतं की बोलणं झालेलं नाही... मी परिच्छेद गाळला. ‘आग कशी लागली हे समजू शकले नाही’ असं टाईप केलं. ‘ग’ अगदी ठसठशीत उठला. साहेबांपुढे कागद ठेवला. त्यांनी न वाचता सही केली आणि विचारलं, “यजमानांची तब्येत कशी हाये?”

खटला उभा राहीपर्यंत दोन्ही पंच फिरले. आम्ही स्टोव्ह पेटलेला पाहिलाच नाही, म्हणाले. आईचा शब्द कोणी धरला नाही, ती पडली मुलीचीच आई. उरली फक्त साहेबांची साक्ष. मी कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले होते; का गेले, कोणास ठाऊक. साहेबांनी स्टोव्हचं सगळं नीट सांगितलं. मग बचावाच्या वकिलांनी अहवाल त्यांच्या हातात दिला. “सही तुमचीच ना? मग यात स्टोव्हचा एक शब्द दाखवा.” साहेबांनी तो कागद आयुष्यात पहिल्यांदा वाचला. बोट ठेवून, ओळ न् ओळ. वाचून झाल्यावर पान उलटून मागे काही आहे का तेही बघितलं. मागे काही नव्हतं. त्यांनी मान वर केली तेव्हा मला वाटलं, आता माझं नाव घेतील. घ्यायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मला समन्स आलं असतं, मी रडत रडत का होईना खरं बोलले असते, आणि त्या मुलीला निदान...

“सही माझी हाये,” ते म्हणाले. “लिवायचं राह्यलं. चूक माझी.”

सासरची माणसं सुटली. कोर्टाच्या पायऱ्यांवर तिच्या आईनं त्यांना अडवलं. “साहेब, तुमी तर पाह्यलं होतं ना?” ते म्हणाले, “हो माय. पाह्यलं होतं.” ती आणखी काही म्हणेल म्हणून ते तिथे उभे राहिले. ती पायऱ्या उतरून गेली. तरी ते उभेच.

त्यांच्यावर ठपका आला आणि दीड वर्ष त्यांना भांडारात बसवलं, पाण्याचे पाईप मोजायला. माझी नोकरी कायम झाली. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही, आणि हीच गोष्ट मी त्यांना आजही माफ करू शकत नाही. रागवावं ना माणसानं! ‘बाई, असं काहून केलं?’ एवढं विचारायला काय जात होतं? कोळशांना बोलतं करणारा माणूस, माझ्या चेहऱ्यावरचं त्याला वाचता आलं नसेल? मला वाचवलं की माझ्यामुळे त्या मुलीला बुडवलं, हा हिशेब त्यांनी कधी मनाशी केला का? मला वाचवायला मी सांगितलं नव्हतं. भांडारातून परत आल्यावर पहिला अहवाल मी त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “साहेब, वाचून घ्या हो.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “काहून? तुमीच लिवला ना?” आणि सही केली. मी बाहेर जाऊन बंबाच्या आड उभी राहून रडले. शेखभाईंनी पाहिलं, पाणी दिलं, विचारलं काही नाही. आमच्या खात्यात न विचारण्याची साथच होती.

मग मीच एक तोड काढली. वाचत नाहीत ना, मग ऐका! प्रत्येक अहवाल मी त्यांच्या समोर उभी राहून मोठ्यानं वाचू लागले. ते डोळे मिटून ऐकायचे, मधेच म्हणायचे, “तेथी ‘बहुधा’ टाका,” आणि मी मुकाट्यानं पान नव्यानं टाईप करायची. काही वर्षांनी दुसरी एक सून जळाली, तिचं नशीब की जगली. पुन्हा वरून सूचना आली, अमुक ओळ गाळा. या वेळी मी ती सूचनेची चिठ्ठी अहवालासोबत त्यांच्यापुढे मोठ्यानं वाचली, दार उघडं ठेवून, साऱ्या कचेरीला ऐकू जाईल अशी. ओळ गाळली गेली नाही. तो नवरा तुरुंगात गेला. पहिल्या मुलीला याचा काय उपयोग, असं मला कोणी विचारू नये. मी स्वतःला रोज विचारते.

साहेब निवृत्त झाले त्या दिवशी हारतुरे झाले, चिवडा-पेढे झाले, खोली रिकामी झाली. मी हिंमत केली. म्हटलं, “साहेब, त्या इतवारीच्या अहवालात...” त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. “घ्या बाई, चहा थंडा होऊन राह्यला.” मी पुन्हा सुरुवात केली. ते उठून खिडकीपाशी गेले. मला बोलूच दिलं नाही! क्षमा करायची असेल तर आधी ऐकून तरी घ्यावं लागतं. की त्यांना क्षमा करायची नव्हती? की स्वतःच न वाचता सही केली, याचीच टोचणी त्यांना इतकी होती की माझ्या वाट्याला त्यांनी काही ठेवलंच नाही? आता कोण सांगणार. म्हणून इथे लिहिते, चारचौघांत, छापून: तो परिच्छेद मी गाळला होता. चूक भोयर साहेबांची नव्हती.

शेखभाई भेटल्याच्या दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या घरी गेले. दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. वहिनी मला पूर्वी एकदाच भेटल्या होत्या, तरी ओळखलं. हात धरून आत नेलं. थोडं रडणं झालं, थोडं बोलणं. मग त्या चहाला उठल्या. त्यांनी स्टोव्ह पुढे ओढला, काकडा रॉकेलात बुडवला, काडेपेटी हातात घेतली आणि तशाच थांबल्या. स्वयंपाकघराच्या दारात एक लाकडी खुर्ची होती, बसून बसून हातांवरचं पॉलिश गेलेली. तिच्या बाजूला पाण्यानं भरलेली बादली आणि घडी घातलेलं घोंगडं.

“बाई, जराशा तेथी बसता का जी?” वहिनी म्हणाल्या. “सकाळ-संध्याकाळ, माह्या सयपाक होयेपर्यंत ते तेथीच बसत. पेपर वाचत नाई, बोलत नाई, निरे माह्याकडे पायत. इतकी वर्सं. मी चिडो, का अवो, मी काय लहान लेकरू हाये? तं उठत नाईच. अन् आता कोणी तेथी बसल्याबिगर मले काडी ओढाचीच हिंमत होत नाई. शेजारची पोरगी येते, बसते, मंग मी पेटवतो.”

मी खुर्चीवर बसले. वहिनींनी काडी ओढली. चहा होऊन स्टोव्ह विझेपर्यंत मी त्यांच्यावरची नजर काढली नाही.