पाण्यावरचे भोपळे

‘शिकार हा शौक नाही, खून आहे’ असं आमच्या गटाने पत्रकावर छापलं होतं, आणि मी ते सातपूरला पहिल्या पाळीच्या कामगारांना वाटत होतो. त्या कामगारांत माझा सख्खा मामा होता. त्याने पत्रक उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून खिशात टाकलं.

“भाच्या, शिकार बघितली का कधी?”

“खून बघितल्याशिवाय खुनाला विरोध करता येत नाही का?”

“शनिवारी सुट्टी आहे. चल सायखेड्याच्या बाजूला. मग छाप काय छापायचं ते.”

मी हो म्हणालो. मनाशी पक्कं होतं: पक्षी पाण्यावर बसले की बोंब ठोकायची. एकालाही हात लावू द्यायचा नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मामाच्या घरी फ्रीज होता, दारात स्कूटर होती. पोटासाठी मारणाऱ्याविरुद्ध आमचं काही म्हणणं नव्हतं. हे शौकवाले होते, आणि शौकाची तयारी मात्र लग्नघरासारखी. मामा आणि त्याचा कारखान्यातला दोस्त दोन आठवडे आधीपासून नदीच्या फुगवट्यात वाळके भोपळे सोडून ठेवायचे. पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसले, पण मोठे. प्रत्येकाला दोरी, दोरीला दगड. बदकांना त्यांची सवय होऊ द्यायची. आदल्या दिवशी साबण नाही, डोक्याला तेल नाही, तंबाखू नाही. कपडे बाजरीच्या भुशात पुरलेले. पहाटे निघताना मामीने ‘कुठे निघालात’ विचारलं नाही. शिकारीला निघालेल्याला विचारायचंच नसतं. तिने कडी काढली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली, जणू घरातून कोणी जातच नव्हतं.

काठावर धुकं इतकं, की पाणी दिसत नव्हतं. नुसती बदकांची कुजबुज ऐकू येत होती. मामाने अंगाला चिखल फासला, डोळ्यांपुरती दोन भोकं पाडलेला पोकळ भोपळा डोक्यावर चढवला आणि गळ्यापर्यंत पाण्यात उतरला. दोस्त मांडीवर बंदूक घेऊन माझ्या शेजारी गवतात बसला. मामा संपला. भोपळा उरला, तोही बाकीच्या भोपळ्यांत मिसळला.

धुकं जरा विरळ झालं. भोपळ्यांच्या मधून थापट्या बदकं निवांत फिरत होती. त्यातलं एक खाली गेलं. बुडी मारली नाही, खाली गेलं. फडफड नाही, आवाज नाही. पाणी मिटलं. शेजारच्या बदकाने मानसुद्धा वळवली नाही. मग दुसरं. खालून पाय धरून ओढणारा माझा मामा आहे, ओढलेलं बदक कमरेच्या पट्ट्यात खोचतोय, हे मला माहीत होतं.

मी ओरडायला तोंड उघडलं, तर शेजारी दोस्ताने बंदूक मांडीवरून उचललेली.

“ओरड ना, भाचेबुवा,” तो हळूच म्हणाला. “थवा उठला की मला बार टाकायचाय. हाकारा घालायला माणूस लागतोच. तुझा मामा म्हणला, आपल्याला फुकटात घावलाय.”

म्हणजे यासाठी मला आणलं होतं! गप्प बसलो तर मामा ओढेल तेवढी मरणार. ओरडलो तर बंदूक पाडेल तेवढी. असला पेच आमच्या कुठल्याच पत्रकात नव्हता. मी तोंड मिटलं.

मग बदकं खाली जायची थांबली. बराच वेळ काहीच हललं नाही.

“मामा कुठंय?”

“दम धर. गार पाण्यात माणूस हळू चालतो.”

वारा सुटला. दोरीचे भोपळे जागच्या जागी डोलले. एक मात्र सुटून आमच्याकडे यायला लागला, स्वतःभोवती सावकाश फिरत. काठाच्या गवताला येऊन टेकला तेव्हा त्याची दोन भोकं माझ्याकडे होती. आत कोणी नव्हतं.

“मामा!”

मी असा ओरडलो की सगळा थवा एकदम उठला. डोक्यावरून पंखांचा नुसता घोंगाट गेला. बार झाला नाही. बंदूक चिखलात पडली होती आणि दोस्त छातीइतक्या पाण्यात धावत होता. लांबचा एक भोपळा पुन्हा पुन्हा पाण्याखाली जात होता. त्याला धरलेली बोटं मला आत्ता दिसली. “तिकडं! उजवीकडं!” मी काठावरून ओरडत राहिलो. दोस्ताने मामाला बगलेत धरून ओढून आणलं. पट्ट्याला दोन बदकं लटकत होती, माना खाली.

शेकोटीजवळ बऱ्याच वेळाने मामाला बोलता आलं.

“कुणीतरी पाय धरला होता.”

“पाणगवत असंल,” दोस्त म्हणाला.

“गवत अडकतं. हे ओढत होतं. सावकाश. आपण बदकाला ओढतो ना, तसं.”

अंधश्रद्धेविरुद्धही आम्ही पत्रकं काढायचो. मी मामाच्या घोट्याला गुंडाळलेले हिरवे धागे दाखवले. त्याने ते बघितले, बोटाने सोडवले आणि आगीत टाकले. ओले होते, जळले नाहीत.

मामाने शिकार सोडली. आमच्या गटातले म्हणाले, छापू या, शिकाऱ्याचं हृदयपरिवर्तन. मी भांडलो. कसलं हृदय? ती दोन बदकं मेली ती मेलीच, आणि मामाला त्यांचं काही वाटल्याचं मी कधी ऐकलं नाही. तो घाबरला होता, एवढंच खरं होतं, आणि खोटं छापायला मी तयार नव्हतो.

पुढे कधीही गेलो तरी मामा खुर्चीत दोन्ही पाय वर घेऊन बसलेला असायचा. जेवतानासुद्धा.

“पाय खाली सोडा की जरा,” मामी म्हणायची. “पाहुणे बघतात.”

“असू दे,” तो म्हणायचा, आणि खुर्चीखालच्या कोरड्या फरशीकडे एकदा बघून घ्यायचा.