मागे जाणारी पिशवी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. घरात कुणी भुताखेतांचं काढलं की मी सरळ उठून जाते. तरी हे लिहितेय... कारण डोक्यातून जातच नाही.

भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत मी टेक्निशियन आहे. रक्तालाही एक्स्पायरी असते. म्हणून फ्रीजमध्ये जुनी पिशवी पुढे, नवी मागे – आणि याबाबतीत मी महाखडूस आहे.

गेल्या उन्हाळ्यात बी पॉझिटिव्हची एक पिशवी एक्स्पायरीला आली होती. ती पुढे ठेवून मी जेवायला गेले. आले, तर ती सगळ्यांत मागे! पुढे ओढली. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. आमच्या सफाईच्या गुलाबमावशींवर खेकसलेच मी.

"मावशी, नसते उद्योग कशाला करता?"

"मी न्हाय हात लावला, मॅडम! किल्ली तुमच्याच खिशात हाय ना?"

खरंच होती. मी पुढे ओढायचे, ती पुन्हा मागे; घाईच्या वेळी पुढच्या पिशव्या जात राहिल्या, ही राहिली. शेवटचा दिवस उजाडला, उद्या फेकावी लागणार म्हणून जीव नुसता जळत होता... कुणीतरी सुई टोचून घेऊन दिलेलं रक्त ते!

त्याच दुपारी लेबर वॉर्डातून फोन. कोन गावची एक बाई, बाळंत झाल्यावर रक्तस्राव थांबेना. बी पॉझिटिव्ह. देण्याआधी आम्ही पेशंटच्या रक्ताशी पिशवीतलं जुळवून बघतो; जुळलं नाही तर नळीत गुठळ्या होतात. पहिलीत गुठळ्या. दुसरीत गुठळ्या. एकही जुळेना! तिला आधी बऱ्याचदा रक्त चढवलेलं, त्यामुळे असं होतं कधीकधी. ठाण्याहून दुसरं रक्त निघालं होतं, पण गाडी ट्रॅफिकमध्ये अडकलेली. शेवटी ती मागची पिशवी काढली.

जुळली.

गाडी येईपर्यंत त्या पिशवीनेच बाईला तगवलं. संध्याकाळी तिची आई आमच्या खिडकीशी आली, डोळे पुसत.

"ज्यानं रगत दिलं ना, त्याला माझा नमस्कार सांगा. पोर वाचली माझी."

आम्ही नावं सांगत नाही, पण निरोप घेतला. रक्त देणारा दापोड्याच्या एका गोडाऊनमधला हमाल. त्याला फोन केला, तर लाजलाच बिचारा. "अरे मॅडम, उसमें क्या!"

मेकॅनिकने फ्रीज तपासला – ट्रे सरळ, कुलूप धड. मग पिशवी मागे कुणी सारली? फक्त वाटत राहतं, त्या आईचा नमस्कार अर्धाच पोचला. उरलेला कुणाला द्यायचा, ते मला अजून कळलेलं नाही.