पायावरची आंघोळ

मालिशवाली बाई आठ दिवस गावाला जाणार म्हणाली, तेव्हाच मी माझ्या हातांकडे पाहिलं. लेक बाळंतपणाला आमच्याकडे पिंपळे सौदागरला आलेली, नात दीड महिन्याची. सांगवीहून येणारी ही बाई रोज नातीला तेल लावून पायावर आंघोळ घालायची आणि मी पाणी फार कढत नाही ना, एवढं बघण्याचं काम मोठ्या रुबाबात करायचे.

"त्यात काय! आई घालेल की," लेक म्हणाली.

मला संधिवात आहे. गेली तीन-चार वर्षं तो गप्प आहे. सूज नाही, ठणका नाही. डॉक्टर दर खेपेला रिपोर्ट बघून म्हणतात, "काकू, आजार झोपलाय. गोळ्या तेवढ्या सोडू नका." घरच्यांनी त्याचा अर्थ मी ठणठणीत झाले असा काढला आणि मीही काढू दिला. सारखं कण्हणारं माणूस कुणाला हवं असतं? पण रिपोर्टला काही कणीक मळायची नसते. माझी उजवी मूठ अजून पुरती वळत नाही. बरणीचं घट्ट झाकण नवरा चाकणच्या कंपनीतून परतला की उघडतं. भरलेला कुकर मी मनगटांवर तोलून उचलते, तोही कुणी बघत नसताना.

आणि आता तेलानं निसरडं झालेलं बाळ!

दुसऱ्या दिवशी नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला. घरात आम्ही दोघीच. मी न्हाणीघरात पाटावर पाय पसरून बसले. गुडघे सरळ झाले, तेवढं एक बरं. लेकीनं तेल लावलेली नात माझ्या पायांवर ठेवली. मी तिचा दंड धरायला गेले, तर बोटं मिटेनात. तिनं अंग वळवलं आणि ती घसरली, जेमतेम वीतभर.

"घे तिला! आधी घे!" मी ओरडले.

लेकीनं तिला चटकन छातीशी धरलं.

"मला नाही जमणार," मी म्हणाले. "रिपोर्ट कितीही चांगले येऊ देत, माझ्या हातून सटकेल ती. तू बस, मी पाणी ओतते."

मला वाटलं, ती चिडेल. पण तिचे डोळे भरून आले.

"मला जमलं असतं तर तुला कशाला बसवलं असतं?" मोकळा हात तिनं माझ्यापुढे धरला. "सकाळी मूठच वळत नाही, आई. दहा-अकरापर्यंत बोटं आखडलेली असतात. बाळंतपणामुळे असेल ना?"

"असेल," मी म्हणाले. बऱ्याच जणींचे हात बाळंतपणानंतर दुखतात, हे खरंच आहे. मी तिची बोटं हातात घेतली. मधले सांधे सुजले होते आणि गरम लागत होते. माझी सुरुवात अशीच झाली होती.

मी नळ बंद केला, नातीला दुपट्यात गुंडाळायला सांगितलं आणि माझ्या डॉक्टरांना फोन लावला.

"बोला काकू, काय होतंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"मला नाही, माझ्या लेकीला," मी म्हणाले.