स्तामातिया आणि पंचवीस वर्षांचा नेम

आमच्या आग्रिदा बेटावर धक्क्याला लागूनच माझं कॉफीचं दुकान आहे. बोटीतून कोण उतरलं, कोण चढलं, कोण हसत गेलं आणि कोण डोळे पुसत, हे मला कुणाला विचारावं लागत नाही. स्तामातिया माझ्याहून थोडी लहान. तिचे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून मी तिला बघतोय, आणि आता आम्ही दोघांनीही शंभरी कधीच मागे टाकलीय. बघणाऱ्याला अर्थात आम्ही पस्तिशीतले वाटतो. कायाकल्पाला जाऊन आलं की गुडघ्यांची कुरकुर थांबते, केस काळे होतात आणि माणूस परत आपल्या जागेवर जाऊन बसतो. त्या जागांवरूनच पुढे सगळं झालं.

स्तामाता म्हणजे आमच्याकडे ‘थांब’. तीन मुलींवर चौथीही मुलगीच झाली तेव्हा बापानं वैतागून हे नाव ठेवलं. बापाला पुढे समुद्रानं नेलं. थोरल्या तिघी ऑस्ट्रेलियाला गेल्या. आई कालिरोई फेरीबोटीची कप्तान. रोज इथून मोठ्या बेटावर आणि तिथून परत. कायाकल्प आला तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली, कंबर धरून चालणारी बाई होती. पहिल्यांदा तो करून आली ती धक्क्यावर उडी मारूनच उतरली. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या, स्तामातियानं सगळ्यात जोरात. त्याच वर्षी ती आईच्या बोटीवर दुय्यम कप्तान म्हणून लागली. मला म्हणाली, “आई थकली की सुकाणू माझं.”

आई थकलीच नाही.

आणि तिलाच एकटीला नावं का ठेवायची? आमचा पाद्री बदलला नव्हता, नगराध्यक्षही नाही. अनेस्ती पन्नास वर्षं बेकरीत पीठ मळत होता. भट्टीपुढे उभं राहायचा मान मालकाचा, आणि मालक ठणठणीत. पोलिक्सेनी शिक्षिकेची परीक्षा पास होऊन बसली होती, तिला एकही वर्ग मिळाला नव्हता. शाळेत मास्तर होते, पोरं नव्हती. कुणाला मूल का नाही असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, “जन्माला घालू हो, पण त्याला बसवायचं कुठे?”

संध्याकाळी बोट लागली की स्तामातिया माझ्याकडे कॉफीला यायची. कुणीतरी डिवचायचंच.

“काय गं, अजून दुय्यमच?”

“नावच थांब आहे माझं. कुणाकडे तक्रार करू?”

हसायची सगळ्यांबरोबर. कप मात्र अर्धा ठेवून जायची.

साठ वर्षं असं चाललं. मग एका ऑगस्टात, मरियेच्या जत्रेला, चर्चच्या अंगणात लांबलचक टेबलं मांडली होती. बोकडाचं मटण पानात पडलं होतं, बडीशेपेची दारू फिरत होती. नगराध्यक्ष उभा राहिला आणि मोठ्या उत्साहात म्हणाला, “कप्तान कालिरोईंचा परवाना आणखी तीस वर्षांसाठी!” कालिरोईनं ग्लास उंचावला. “तीस काय, तीनशे म्हणा!”

स्तामातियानं काटा खाली ठेवला.

“आई, मग मी निघते.”

“मटण तरी संपव. कुठे निघालीस?”

“समोर. प्सारोनीवर.”

प्सारोनी म्हणजे सामुद्रधुनीपलीकडचं छोटं बेट. आमच्या आजोबांच्या काळातच ओस पडलेलं. शेळ्या, एक पडकं प्रार्थनाघर आणि वारा.

“तिथे आहे कोण?” कालिरोईनं विचारलं.

“कोणी नाही. म्हणूनच तर. मी माझी होडी चालवीन. तुझी संमती हवी, हे पाणी तुझ्या परवान्यात येतं.”

“नाही देणार. मी जिवंत आहे तोवर या पाण्यावर एकच कप्तान.”

“अगं आई, पण तू मरणारच नाहीयेस!”

अख्खं अंगण खो खो हसलं. मग हळूहळू एकेकाचं हसू विरलं, कारण प्रत्येकाला आपापल्या डोक्यावरचा कुणीतरी आठवला.

माझ्या दुकानामागे स्पंज काढणाऱ्यांची एक जुनी होडी उपडी पडली होती. स्तामातियानं ती सुलटी केली, फळ्या बदलल्या, इंजिन बसवलं, निळा रंग दिला. बंदराचा अधिकारी आला. म्हणाला, “बाई, परवान्याशिवाय प्रवासी नेता येणार नाहीत.”

“भाडं घेतलं तर प्रवासी ना? हे माझे पाहुणे आहेत. घरी जेवायला नेतेय.”

त्यानं मान खाजवली, माझ्याकडे कॉफी प्यायला आणि गेला.

पहिल्या फेरीला उत्तरेचा वारा सुटलेला. होडीत भट्टीच्या विटा, पिठाची पोती, पोलिक्सेनीचा फळा आणि एका कडेला ओकाऱ्या काढणारा अनेस्ती. इकडे धक्क्यावर कालिरोई डोळ्यांना दुर्बीण लावून उभी.

“फोती, होडी फार डावीकडे जातेय.”

“ती वाऱ्याला वाट देतेय, कप्तान.”

“मला शिकवतोस?” ती माझ्यावर खेकसली. पण होडी पलीकडे लागेपर्यंत दुर्बीण खाली आली नाही.

त्या संध्याकाळी प्सारोनीवर चण्याचं सूप शिजलं. मीही गेलो होतो, कॉफी घेऊन. सगळे मजेत होते, तेवढ्यात पोलिक्सेनी म्हणाली, “शंभर वर्षांनी आपणही असेच चिकटून बसणार. मग आपल्याखाली कोण ताटकळत बसणार?”

उत्तर दिलं स्तामातियानं. “पंचवीस वर्षं. एका कामावर पंचवीस वर्षं. मग ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि आपण नवं काही शिकायचं, पहिल्या धड्यापासून.”

“आणि मला भट्टीच आवडत असेल तर?” अनेस्ती कळवळला. बिचाऱ्याची भट्टी अजून बांधूनही झाली नव्हती.

“मग पंचवीस वर्षं पोटभर आवडून घे.”

हाच त्यांचा नेम झाला. पुढची काही वर्षं स्तामातिया रोज होडी हाकत होती आणि रोज कुणीतरी गाठोडं घेऊन चढत होतं. सुतारकाम शिकायला निघालेला वकील, द्राक्षं लावायला निघालेली नर्स. आग्रिदाच्या लोकांनी आधी थट्टा केली, मग त्यांच्या पावाची वाट बघायला लागले. आणि एक दिवस प्सारोनीवर पाळणा हलला. मग दुसरा. इथे जागा रिकामी होते याची माणसांना खात्री पटली होती. पोलिक्सेनीच्या फळ्यावर खडू लागला तेव्हा ती वर्गाबाहेर येऊन रडली, परत आत गेली आणि पोरांना ओरडली.

माय-लेकी मात्र बोलत नव्हत्या. भर पाण्यात बोटी समोरासमोर आल्या की कालिरोई भोंगा वाजवायची, स्तामातिया हात हलवायची. तेवढंच.

मग एका वसंतात, चांगलं ऊन पडलेलं असताना, फेरीबोटीनं वाट सोडली आणि ती प्सारोनीकडे वळली. मी तेव्हा तिथेच होतो. कालिरोई एकटीच. दोर फेकला तो स्तामातियानं झेलून बांधला. दोघी कातळावर बसल्या. आई कोणती आणि लेक कोणती, नवख्याला सांगता आलं नसतं.

“इथे कप्तानाला कॉफी मिळते का?” कालिरोईनं विचारलं.

“मिळते. फोती आहे ना.”

कालिरोईनं कप हातात घेतला. मग म्हणाली, “तुझे आजोबा. तू पाहिलं नाहीस त्यांना. पासष्टाव्या वर्षी त्यांनी सुकाणू माझ्या हाती दिलं. धट्टाकट्टा माणूस. त्याच हिवाळ्यात गेले. दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि बोटीच्या फेऱ्या मोजायचे, आली, गेली, आली, गेली. हात रिकामे झाले आणि माणूस विझला. आमच्या वेळी असंच असायचं, स्तामातिया. काम सोडणं म्हणजे मरणाला दार उघडून देणं. मला तुझं काही हिरावून घ्यायचं नव्हतं गं. मी नुसती घाबरले होते.”

“इतकी वर्षं?”

“इतकी वर्षं.”

स्तामातियानं तिचा हात हातात घेतला. “हे आधी सांगायचंस की.”

“कप्तानानं सांगायचं, मला भीती वाटते म्हणून? आणि मला दुसरं येतंय काय?”

“शिकशील. तुला काय वेळ कमी आहे?”

कालिरोई आधी चिडली, मग इतकी हसली की कातळावरच्या शेळ्या उधळल्या.

त्या शरद ऋतूत तिनं फेरीबोट सोडली. स्तामातियाला देऊ केली होती, पण ती म्हणाली, “मला माझी होडी आहे.” बोट गेली साठीतल्या एका खलाशी पोरीकडे, जिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. आणि कालिरोई प्सारोनीवर येऊन मधमाश्या पाळायला शिकू लागली. पहिल्या वर्षी तिचं तोंड सुजून दुधी भोपळ्याएवढं झालं. “या माश्यांना शिस्त नाही!” म्हणून ओरडायची. पुढे तिचा रानओव्याचा मध अथेन्सपर्यंत जायला लागला. हिवाळे आले, गेले. दाराशी खुर्ची टाकून ती कधी बसली नाही.

पंचवीस वर्षं सरली तेव्हा स्तामातियाची वेळ आली. नेम तिनंच घातलेला, त्यामुळे कुणी आठवणही करून दिली नाही. त्या आठवड्यात ती माझ्या दुकानात येऊन बसली.

“अवघड जातंय?” मी विचारलं.

“फोती, फार. नेम सांगताना वाटलं होतं, हात उघडायचा, झालं.” मग कॉफी एका दमात पिऊन टाकली. “पण उघडणार आहे.”

रविवारी धक्क्यावर सगळ्यांसमोर तिनं होडीची किल्ली प्सारोनीवरच जन्मलेल्या एका मुलीच्या हातात ठेवली. स्तामातिया तिच्या कानात म्हणाली, “वाऱ्याला वाट दे, भांडू नकोस,” आणि प्रवाशांच्या बाकावर जाऊन बसली. कालिरोईनं तिला जागा करून दिली.

सध्या स्तामातिया चुन्याशिवाय दगडी भिंती रचायला शिकतेय, उतारावरच्या द्राक्षवेलींच्या पायऱ्यांसाठी. परवा गेलो होतो. तिची भिंत मधोमध चांगलीच फुगलेली.

“ही पडणार,” मी म्हटलं.

“पडू दे की,” ती बाह्या सारत म्हणाली. “तो दगड दे इकडे. तो नाही रे, चपटा.”