बाईंचं टाचण

बाईंना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या बालवाडीच्या त्या मुख्य, पण वर्गात सदा कोपऱ्यात, जमिनीवर. मुलं त्यांना ‘नीचेवाली दीदी’ म्हणत. मी इंदूरहून लग्न होऊन भोपाळला आलेली, नवी मदतनीस. पहिल्या दिवशी त्यांनाच आया समजून मी पाणी मागितलं. त्यांनी आणून दिलं आणि मग स्वतःची ओळख करून दिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आठवडाभर त्या कोपऱ्यातून मुलं आपणहून काय खेळतात ते बघायच्या आणि शनिवारी पुढच्या आठवड्याचं टाचण लिहायच्या. एकाच आठवड्याचं. त्यापुढचं विचारलं की म्हणायच्या, “मुलांनी अजून सांगितलं नाही गं.” मला हे फाजील लाड वाटायचे. वर्षाचा बेत एकदा आखावा नि मोकळं व्हावं, असा माझा खाक्या.

एकदा वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांची बदली झाली. दुसऱ्या दिवशी पोरांनी बाकं उलटी करून ट्रक केला, वर्गातलं झाडून सगळं सामान त्यात भरलं आणि ‘ट्रान्सफर-ट्रान्सफर’ सुरू झालं. मी ओरडायला उठले, तर बाईंनी पदर धरून मला खाली बसवलं. “मालू, बघ तरी. जड सामान आधी भरतायत.” मग पुढचा आख्खा आठवडा तोच ट्रक चालला. हलकं-जड झालं, डबे मोजून झाले, निरोपसुद्धा घेऊन झाला. तोवर रोज मुसमुसणारी ती मुलगी शेवटच्या दिवशी स्वतः ड्रायव्हर होऊन बसली.

आईबापांना मात्र हे पटेना. ड्रॉइंग हातात आल्याशिवाय खिळा न ठोकणारी कारखान्याची माणसं ती. शाळा समितीच्या साहेबांनी बाईंना बोलावून सांगितलं, “मैडम, पूरे साल का प्लान काग़ज़ पर दीजिए, नहीं तो अगले साल आपको रखना मुश्किल होगा.” बाई म्हणाल्या, “बच्चे साल भर बाद क्या खेलेंगे, मुझे कैसे पता?” आणि परत येऊन आपल्या कोपऱ्यात बसल्या.

मला एकच काळजी. बाई गेल्या तर या पोरांचं काय? मग मीच नको तो शहाणपणा केला. बाईंची जुनी टाचणं घरी नेली आणि तारीखवार बसवली. जुलैत पाण्याचे खेळ, ऑगस्टात बाजार, ट्रान्सफरचा खेळ नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. लाल शाईने समास आखले आणि बाईंच्या नावाने रजिस्टर समितीला देऊन आले. बाईंना विचारलंसुद्धा नाही.

साहेब खूश झाले. “बहुत बढ़िया. अब तो यह काम कोई भी कर लेगा.” एप्रिलमध्ये बाईंची मुदत संपली, ती कुणी वाढवली नाही. त्यांच्या जागी मला नेमलं. मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

जाताना बाई एवढंच म्हणाल्या, “अक्षर छान आहे हो तुझं.” त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं.

जुलैत नवी मुलं आली. बाईंना कधी न पाहिलेली ही पोरं त्या कोपऱ्याला वळसा घालून जायची. एकीला मी तिथे बसवलं तर ती उठून उभी राहिली. “यहाँ कोई बैठा है,” म्हणाली. नोव्हेंबरात रजिस्टरप्रमाणे मी बाकं उलटी करायला सांगितली. मुलांनी सामान भरलं आणि रांगेत उभं राहून विचारलं, “दीदी, अब क्या करना है?”

पुढे एकदा बिट्टन मार्केटच्या बाजारात बाई भेटल्या. खूप वाळल्या होत्या. मेथी निवडता निवडता म्हणाल्या, “काय खेळतायत गं मुलं?”

“या आठवड्यात पोस्ट ऑफिस आहे.”

“ते झालंच. पण तू वर्गात नसलीस की काय खेळतात?”

पिशवी हातात धरून त्या थांबल्या, आशेने माझ्या तोंडाकडे बघत. मग म्हणाल्या, “बरं, सोमवारी बघून सांग.”

सोमवारी मी बघितलं. सगळा दिवस खिडकीआडून बघितलं. माझी पाठ वळली की मुलं हाताची घडी घालून गप्प बसत होती. हे बाईंना कसं सांगायचं, म्हणून मी त्यांच्याकडे गेलेच नाही. त्या थंडीत बाई वारल्या.