मामेसासऱ्यांचा चौरंग

पुण्यात संगणक आले, उड्डाणपूल आले, घरटी दोन-दोन मोटारी आल्या. परंतु माझ्या मामेसासऱ्यांना विचारल्यावाचून आलेली एकही गोष्ट त्यांनी अद्याप मान्य केलेली नाही. हडपसरच्या ज्या कारखान्यात त्यांनी नकाशे काढण्यात हयात घालवली, त्याने एके दिवशी त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," एवढेच ते त्यावर बोलतात. नंतर विश्रांतवाडीच्या सोसायटीतल्या आपल्या पार्किंगच्या जागेत, मोटार कधीच घ्यायची नसल्यामुळे, त्यांनी जुना सुतारकामाचा छंद मांडला आणि विजेवर चालणाऱ्या यच्चयावत हत्यारांशी वैर धरले. वरच्या मजल्यावर कोणी ड्रिल मशीन सुरू केले की मामा जिना चढून जात, दारात उभे राहत आणि अत्यंत सौजन्याने विचारत, "अहो, दात काढताय का कोणाचा?"

अशा माणसाकडे मी चाळिशी उलटल्यावर शिकायला गेलो. खिळा ठोकायचा तरी कोणी येण्याची वाट पाहणारा मी. माझ्या पत्नीला ही वाट पाहणे असह्य झाले आणि तिनेच मला मामांच्या हवाली केले. मामांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "जावईबापू, तुम्ही त्या काचेच्या इमारतीत काय बनवता?" मी सॉफ्टवेअर म्हणालो. "म्हणजे हाताला न लागणारं काहीतरी. ठीक आहे, बिघडलेला हात सुधारण्यापेक्षा न वापरलेला बरा." मला घेण्याचे कारणही त्यांनी तेव्हाच सांगितले. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचे मार्गशीर्षात लग्न होते. लग्नाच्या सकाळी ती गौरीहर पुजायला बसेल तेव्हा तिच्यासमोरचा चौरंग आपल्या हातचा असेल, असे त्यांनी तिला ती परकर नेसत असल्यापासून सांगून ठेवले होते. ती बेंगळुरूहून फोनवर म्हणे, "बाबा, लक्ष्मी रोडवर तयार मिळतो." मामा फोन मामींच्या हाती देत.

मला मात्र लाकडाला शिवायची परवानगी नव्हती. आधी धार. रंध्याचे पाते दगडावर पाणी घालून घासायचे आणि मग मनगटाच्या वर हलकेच फिरवून पाहायचे. केस निघाले तर धार लागली. या पद्धतीमुळे मामांचा डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत असे. मामी सांगतात, लग्नानंतर कितीतरी दिवस त्यांना वाटे, ह्यांना लहानपणी भाजले असावे, विचारायचे कसे. पुढे माझाही हात तसाच झाला, तेव्हा ऑफिसातल्या एका सुशील मुलीने मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात एका त्वचारोगतज्ज्ञाचा पत्ता सुचवला. मी तो नम्रपणे लिहून घेतला. खुलासा करणे माझ्या स्वभावात नाही.

खंडेनवमीला हत्यारांना हळदीकुंकू वाहिले, दसऱ्यानंतर सागवानाला हात लागला आणि माझ्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली. मामा स्वतः काहीच करीत नव्हते. करवत माझ्या हातात, रंधा माझ्या हातात, पटाशीही माझ्याच हातात. मामा पाठीमागे हात बांधून उभे. "करवत दाबू नका, तिला वजन आहे." "खांद्याला कसली घाई झालीय? घरी दूध उतू जातंय का?" मला वाटे, ही अध्यापनाची काही थोर पद्धत असावी. एका रविवारी चौरंगाच्या पायावर खूण करण्यासाठी त्यांनी सवयीने पेन्सिल उचलली. काटकोनाचा गुण्या लावलेला होता, तरी रेघ ओढ्याच्या पाण्यासारखी वाकडी गेली. मामा क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. "पेन्सिल हलक्या जातीची आहे," ते म्हणाले, "तुम्ही मारा."

चहाचे कप परत द्यायला वर गेलो तेव्हा मामींनी दार लोटून घेतले. "पेन्सिलीचं काही नाही. उजवा हात सारखा थरथरतो त्यांचा. डॉक्टर म्हणाले, औषध घ्या, पण वाढत जाणार. पोरीला सांगायचं नाही अशी तंबी आहे मला. चौरंग झाला की तिला कळणार नाही, असं धरून बसलेत."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आजवर मी काहीही बिघडवले तर ते माझ्या नावावर असे; आता बिघडले असते ते मामांच्या नावावर. चौरंगाला खिळा लावायचा नाही, सरस लावायचा नाही; पायाचे कुसू, म्हणजे टोकाला कोरून काढलेली जीभ, खाचेत असे बसायला हवे की मध्ये पोस्टकार्डही जाऊ नये. तीन पाय बसले. चौथ्याची खाच पटाशीने जराशी मोठी झाली आणि फट राहिली. लग्न तोंडावर होते, दुसरे लाकूड नव्हते. मामा वाकून पुष्कळ वेळ पाहत होते. एरवी त्यांनी याहून बरे काम बंबात घातले होते. "राहू दे," ते म्हणाले, आणि मला शिव्या परवडल्या असत्या.

लग्नाच्या सकाळी कार्यालयाच्या आतल्या खोलीत गौरीहराची मांडणी चालली होती. पिवळी साडी नेसलेली मुलगी चौरंगापाशी बसली आणि, सुताराघरी नव्हे तरी सांध्यांच्या सहवासात वाढलेली असल्यामुळे, तिचे बोट आपसूक चौरंगाच्या खालून फिरले. चौथ्या पायाशी थांबले.

"बाबा, हे तुमचं काम नाही."

मामा उजवा हात कोटाच्या खिशात घालून उभे होते. "नाही. जावईबापूंचं आहे."

"फट आहे."

"मला दिसली होती."

"आणि तुम्ही चालवून घेतलीत?"

"शिकतायत ते," मामा म्हणाले. माझ्याविषयी त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिलेच बरे वाक्य.

मुलगी खिशाकडे पाहत होती. "हात काढा बरं बाहेर."

"थंडी आहे."

"बाबा."

मामांनी हात काढला. तिने तो आपल्या डाव्या हातात घेतला, चौरंगाच्या कडेवर टेकवला आणि गुरुजींना म्हणाली, "एक मिनिट थांबा, हा जरा शांत होऊ दे." गुरुजी थांबले. आम्ही सारेच थांबलो. हात काही थांबला नाही. मग तिने तो तसाच धरून ठेवला आणि उजव्या हाताने गौरीला अक्षता वाहायला सुरुवात केली.