तीन दिवसांची मुदत

मी आयटीवाला नाही. बायको आयटीत आहे आणि मी तिच्या व्हिसावर आलो, हे अ‍ॅमस्टेलव्हीन या डच शहरातल्या आपल्या मंडळींनी मला कधी विसरू दिलं नाही. बाडहूव्हडॉर्पच्या एका गोदामात चार वर्षं विमानातून आलेली खोकी उतरवली आणि मग स्वतःचं किराणा दुकान टाकलं. कोणी माझ्याबद्दल वाईट बोललं की ते मला पाठ राहतं.

गोदामात माझ्या जोडीला तो होता. अरब. त्याच्या देशाचं नाव लिहीत नाही, त्याने तसं बजावलंय. त्याचे वडील आखातातल्या एका बंदरावर वीस वर्षं आपल्या भारतीय लोकांबरोबर राबले होते. तिथली हिंदी त्यांनी मुलाला दिली, म्हणून आमचं जमलं. तो मला भाई म्हणायचा. गावच्या सरकारी दवाखान्यात औषधं का नसतात, यावर त्याने कधीतरी सहा ओळी ऑनलाइन लिहिल्या होत्या. तेवढ्यावरून त्याला देश सोडावा लागला. मागे राहिलेल्या धाकट्या भावाला चौकशीला बोलावलं. मग भावाने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, की याचा आमच्या घराशी संबंध नाही. त्यामुळे भावाची नोकरी वाचली. याने भावाला एका शब्दाने दोष दिला नाही.

इथे तो खोट्या नावाने एक अरबी पेज चालवायचा. गेमेंटेचं, म्हणजे पालिकेचं पत्र आलं तर काय करायचं, कुठला घरमालक फसवतो, कुठल्या दुकानात काय घ्यावं, हे सगळं त्यावर असे. नवीन आलेली माणसं आधी त्याचं पेज बघायची, कारण तो कोणाची भलामण करत नसे. माझीही केली नाही. लिहिलं, 'इथला तांदूळ चांगला, पण मालक माल परत घेत नाही आणि वर ओरडतो.'

त्यांच्यातली एक बाई फोडलेलं पोतं परत घेऊन आली होती. फोडलेलं पोतं कोण परत घेतो? ओरडलो, हे खरं. पण मित्राबद्दल असं लिहितात? चौदा महिने मी त्याच्याशी बोललो नाही.

मग एका सकाळी मी शटर वर करत असताना तो समोर येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली. वडील आदल्या दिवशी गेले होते. त्यांच्याकडे आता असं असतं, की घरचं कोणीतरी ऑनलाइन निधनाची सूचना टाकतं आणि तिच्याखाली गाव, नातलग, जुने सोबती सांत्वनाची ओळ लिहितात. भेटीचे दिवस तीन. त्या तीन दिवसांत घरातल्या बायका त्या ओळी म्हाताऱ्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवतात. सूचना भावाने टाकली होती. याला तिथे लिहिता येत नव्हतं. खाली कोण काय लिहितं ते कोण कोण बघतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अनोळखी, बिनचेहऱ्याचं खातं दिसलं तरी भावाला जाब द्यावा लागला असता. त्या दिवसांत फोन करू नकोस, असा निरोप आला होता.

"भाई, तुझ्या नावाने एक ओळ लिही. अब्बांच्या बंदरावरचा हिंदुस्थानी सोबती म्हणून. कोणाला संशय येणार नाही."

ओळ त्याने अरबीत चिठ्ठीवर लिहून आणली होती. नेहमीची प्रार्थना, आणि पुढे एवढंच: ते संत्र्याची साल न तुटता एका पट्टीत सोलायचे आणि मग फोडी वाटायचे. हे ऐकलं की आईला कळेल कोणी लिहिलंय, असं तो म्हणाला. त्याचं खरं नाव, घरचा पत्ता इथे फक्त मला माहीत होता. दुसऱ्या कोणाकडे तो जाऊ शकत नव्हता.

आणि हेच मी हेरलं. गरजू माणूस समोर असला की माझी जीभ आपोआप चालते. आधी माझ्याबद्दलचं ते काढ, म्हटलं, आणि चांगलं लिही.

त्याने चिठ्ठी माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "तिथे मी खोटं लिहीत नाही. माझ्याकडे तेवढंच उरलंय."

मी म्हटलं, मग बघ बाबा. येईल फिरून, एवढा हिशोब मला कळतो, असं मनात म्हणत मी शटर पूर्ण वर केलं. घरी बायकोला सांगितलं तर ती ताटावरून उठली. "मेलेल्या माणसाचा भाव करतोस तू?" एवढं बोलून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्यावरही मी चिडलो. माझी बाजू कोणी बघतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचं पेज उघडून भाषांतर लावलं, तर जुनं काढलेलं होतं. माझ्या दुकानाचं कौतुक होतं, मालक मृदुभाषी आहे असंसुद्धा. मला जिंकल्यासारखं वाटलं, हे लपवत नाही. गिऱ्हाईक होतं, ते आटपलं, आणि मग चिठ्ठी काढून त्याने पाठवलेल्या दुव्यावर ती अक्षरं चित्र काढावं तशी एकेक करून उमटवली. पाठवली. जाईना. पुन्हा पाठवली. मुदत संपली म्हणून भावाने सांत्वनाच्या ओळी घेणं बंद केलं होतं. वरच्या शेकडो ओळी दिसत होत्या, खाली लिहायची जागा नव्हती.

त्याला फोन केला. तो म्हणाला, ठीक आहे भाई. कौतुक काढून टाक, असं मीच म्हटलं. त्याने काढलं नाही. पेजच बंद केलं.

महिन्याभराने तो बसस्टॉपवर भेटला. आईचा फोन आला होता, म्हणाला. फोनवर ते फक्त हवेबद्दल बोलतात, बाकीचं त्यातच ओळखायचं. आईने विचारलं होतं, त्या तीन दिवसांत तुझ्याकडे फार पाऊस होता का?

"काय म्हणालास?"

"म्हणालो, हो, फार. दारच उघडता आलं नाही."

बस आली. तो चढला. मलाही तीच बस हवी होती, पण मी चढलो नाही.